उत्तर बरोबर, ओळ भलत्या जागी

डेटाबेसच्या क्वेऱ्या, म्हणजे त्याच्याकडून माहिती मागवायच्या सूचना, शिकवणारे एक वेब अ‍ॅप्लिकेशन मी उभे करत होतो. शिकणाऱ्याने ब्राउझरमध्ये क्वेरी लिहायची, ती सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चालवायची आणि आलेला निकाल आधीच साठवलेल्या उत्तराशी ताडून पाहायचा, अशी त्याची रचना होती. सुरक्षेची काळजी मी आधीच घेतली होती. क्वेऱ्या चालवणाऱ्या खात्याला फक्त वाचण्याचे अधिकार होते आणि प्रत्येक क्वेरीला 5 सेकंदांची मर्यादा होती, कारण कोणती ओळ कोणत्या ओळीशी जुळवायची ही जोडणीची अट विसरून हजार-हजार ओळींचे तीन तक्ते एकत्र केले तर 100 कोटी ओळी तयार होतात, आणि नवशिका ती अट हमखास विसरतो.

चाचणीच्या दिवशी गडबड झाली ती वेगळ्याच ठिकाणी. सकाळी बरोबर ठरलेली एक साधी 'सिलेक्ट' क्वेरी दुपारी एका विद्यार्थिनीने अक्षरशः तशीच लिहिली आणि अ‍ॅप्लिकेशनने ती चूक ठरवली. मी दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ओळी त्याच होत्या. फक्त मधली एक ओळ शेवटी जाऊन बसली होती.

दोष माझाच होता. जेवणाच्या सुट्टीत मी तक्त्यातील एका नावाचे शुद्धलेखन 'अपडेट' करून सुधारले होते आणि साठवलेल्या उत्तरातही तीच दुरुस्ती जागच्या जागी केली होती. पोस्टग्रेस मात्र जुनी ओळ खोडून तिथेच लिहीत नाही. ते ओळीची नवी आवृत्ती वेगळ्या जागी ठेवते. क्वेरीत क्रम ठरवणारे 'ऑर्डर बाय' नसेल तर ओळींच्या क्रमाची हमी एसक्यूएल, म्हणजे क्वेऱ्यांची भाषा, देतच नाही, हे मी पहिल्याच धड्यात लिहिले होते, आणि तपासणीचा कोड लिहिताना स्वतःच विसरलो होतो.

मग प्रश्नात क्रम मागितलेला नसेल तर दोन्ही निकाल आधी एकाच पद्धतीने क्रमवार लावून मगच ताडायचे, असा बदल केला. दुहेरी ओळी गाळून संच म्हणून तुलना करणे सोपे गेले असते. पण अशा डेटाबेसचा सिद्धान्त देणाऱ्या कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या संबंधांत, म्हणजे तक्त्यांच्या गणिती रूपात, एकसारख्या ओळी नसल्या तरी एसक्यूएलच्या निकालात त्या असू शकतात, आणि दुहेरी ओळी गाळणारे 'डिस्टिंक्ट' विसरलेले उत्तर त्या वाटेने बरोबर ठरले असते.

एक पेच तरीही उरला. 'किमतीनुसार लावा' या प्रश्नात दोन वस्तूंची किंमत सारखीच होती, म्हणजे बरोबर क्रमही दोन. तिथे मी कोडला हात लावला नाही. प्रश्नातच 'किंमत सारखी असल्यास नावानुसार' एवढे शब्द वाढवले.