घाटाला उगाच नावं ठेवतात

वारीला निघायचं म्हटलं की पुण्यात जो तो विचारतो, "दिवेघाट झेपेल का?" मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला जरा जास्तच येतो. पुणे ते सासवड चालून आल्यावर माझं उत्तर पक्कं झालंय. घाट झेपतो. पायांची वाट लागते ती हडपसरच्या सपाट डांबरावर.

माउलींची पालखी भवानी पेठेतून पहाटेच निघते. सासवडपर्यंतचा टप्पा ३० किलोमीटरच्या वर, त्यात घाट जेमतेम चारेक किलोमीटर. पायवाटेवर पाऊल दरवेळी थोडं वेगळं पडतं. डांबरावर मात्र तेच हाड, तीच शीर, तोच कोन, दिवसभर. शिवाय दिंडीत आपल्या चालीनं चालता येत नाही. पुढची दिंडी थांबली की थांबायचं, सुटली की अंतर भरून काढायला धावायचं. नडगीची आतली कड ठणकायला लागते ती इथेच. तळव्याचंही तेच. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा पावलाची कमान धरून ठेवतो. तो टाचेपाशी दुखावला की सकाळची पहिली पावलं खिळ्यावर पडल्यासारखी वाटतात. थोडं चाललं की दुखणं ओसरतं, माणूस खूश होतो आणि संध्याकाळी पुन्हा लंगडतो.

फुरसुंगीच्या अलीकडे एका पोराचा पाय डांबराच्या कडेवरून घसरला आणि पाऊल आत वळलं. अशा वेळी घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. मुरगळण्याचा हाच सगळ्यात नेहमीचा प्रकार. घोट्याच्या हाडाची मागची कड दाबून पाहिली, करंगळीच्या बाजूनं पावलाच्या मध्यावर येणारा उंचवटाही दाबला. तिथे दुखलं असतं किंवा चार पावलंही टाकता आली नसती, तर एक्स-रे काढायला पाठवलं असतं. तो चालला. क्रेप बँडेज बांधलं आणि टाळ त्याच्या मित्राकडे दिले.

वडकी नाल्याच्या विसाव्याला परभणीकडच्या एक मावशी शेजारी बसल्या. चवड्यावर टपोरा फोड.

"माउली, सुई-दोरा हाय का?"

"फोडू नका मावशी, वरची कातडी हीच खरी पट्टी."

"मग चालू कशी?"

बरोबर होतं त्यांचं. लहान फोड तसाच ठेवावा, पण असा ठणकणारा फोड घेऊन घाट कोण चढणार? स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं कडेला टोचून पाणी काढलं, कातडी जागच्या जागी ठेवली, वर पट्टी. दोरा मात्र ओवू दिला नाही. आत राहिलेल्या दोऱ्यावाटे जंतू शिरतात.

मग घाट. रथाला जादा बैलजोड्या लागल्या, गर्दीमुळे चाल आपोआप मंदावली. चढाला पोटरी राबते. तिथले दोन मोठे स्नायू टाचेमागच्या एकाच शिरेत उतरतात, आणि ती शरीरातली सगळ्यात जाड शीर. पोटरी भरून येते, पण तेवढंच. स्नायूंना खरा त्रास उतारावर होतो, कारण तिथे त्यांना लांबत लांबत भार पेलावा लागतो. दिवेघाटात आपण वर चढून पठारावर येतो, लगेच खाली उतरायचं नसतं. वर पोचल्यावर लोक फुगड्या घालत होते, यातच काय ते आलं.

सासवडला तंबूत एक काका भेटले, मधुमेहाचे जुने रुग्ण. मोजा रक्तानं भिजलेला, तळव्यात काचेचा तुकडा. "काही दुखत नाही हो," ते हसून म्हणाले. मी दिवसभर पाहिलेल्या पायांत मला धास्ती वाटली ती याच पायाची. साखरेनं मज्जातंतू बधिर झाले की जखम कळत नाही, माणूस तिच्यावरच चालत राहतो आणि ती आत चिघळते. त्यांना वैद्यकीय पथकाकडे नेलं. काच निघाली, इंजेक्शन झालं, पुढे चालू नका असं डॉक्टरांनी बजावलं. काका हुज्जत घालायला लागले, पायी वारीचा नेम कसा मोडायचा म्हणून. काकूंनी डोक्यावरची तुळस सारखी केली.

"ह्यांना ट्रकात बसवा," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या वाटचं मी चालते."