येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात: दप्तरं आणि आवाज

पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं ‘डेक्कन’ म्हटलं की तो जिमखान्याकडे वळतो. म्हणून मेट्रोनं येरवड्याला उतरले आणि पुढे ‘डेक्कन कॉलेज’ असं पूर्ण नाव सांगून रिक्षा केली. फाटकातून आत शिरलं की रहदारी मागे पडते आणि जुन्या झाडांतून उतरत्या छपरांची दगडी गॉथिक इमारत दिसू लागते. ती बांधून पुरी झाली १८६८ साली. संस्था तिच्याहून जुनी. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली, आज अभिमत विद्यापीठ. टिळक आणि आगरकर इथलेच विद्यार्थी. टिळकांची खोली अजून जपलेली आहे.

मी आले होते ती मराठा इतिहास संग्रहालयासाठी. दत्तात्रय बळवंत पारसनीस या माणसानं आयुष्यभर जुने कागद गोळा केले. मेणवलीच्या वाड्यातलं नाना फडणवीसांचं दप्तर त्यांनीच मिळवलं. साताऱ्याला त्यांचा हा संग्रह होता, तो १९३९ मध्ये इथे आला. दप्तर म्हणजे रुमालात बांधलेले कागद: पत्रं, हिशेब, याद्या. लिपी मोडी. बोरू उचलायचाच नाही, अशा ओघात लिहिलेली. मला मोडी जेमतेम लागते, तरी ‘विज्ञापना’ आणि ‘आशीर्वाद’ एवढं ओळखता आलं तेव्हा अंगावर शहारा आला. नाना पानिपतावरून जीव वाचवून परतले, त्यांची आई मात्र त्या धामधुमीत हरवली. हे दुःख त्यांनी स्वतःच्या हकिकतीत लिहून ठेवलं आहे. ज्या कारभाऱ्याचं नाव आपण फक्त राजकारणासाठी घेतो, त्याच्यातला मुलगा आपल्याला भेटतो तो केवळ त्यानं लिहिलं म्हणून.

आणि इथेच मनात खटकलं. लिहिता येणाऱ्यांचं उरलं. नानांच्या मातुःश्रींना त्या प्रवासात काय वाटलं, वाड्यात दळण दळणाऱ्या बाईला काय वाटलं, याचा एकही रुमाल कुठल्याच कपाटात असणार नाही.

संस्कृत कोशाचा विभागही पाहिला. १९४८ साली सुरू झालेल्या त्या कामासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून, शब्द कुठे कसा वापरला ते टिपलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या. खणाखणांत रचून ठेवलेल्या त्या चिठ्ठ्यांवर निरनिराळी अक्षरं आहेत, आणि त्यामागे बसून आयुष्य घालवलेली माणसं. त्यावर वेगळं लिहायला हवं, इथे एवढंच.

याच आवारातल्या भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्यानं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. ते गावोगाव गेले, माणसांना बोलतं केलं, आवाज मुद्रित केला, मग ऐकून ऐकून वाक्यन् वाक्य लिहून काढलं. हा सगळा संग्रह संकेतस्थळावर खुला आहे. बाहेर झाडाखाली बसून कानाला हेडफोन लावला आणि ऐकत राहिले. सुरुवातीला प्रत्येक जण थोडा सावध असतो, प्रमाण भाषेकडे झुकतो. दोन-चार वाक्यांत विसर पडतो आणि खरं बोलणं सुरू होतं. त्यातला हेल, मध्येच घेतलेला श्वास, ‘मंग’ म्हणून पुढे ढकललेली गोष्ट, हे कागदावर कितीही नेटकं उतरवलं तरी येत नाही. ध्वनिमुद्रण आणि लिखित संहिता शेजारी शेजारी ठेवण्याचं मोल मला तिथे कळलं.

भाषेच्या अभ्यासाला बोलणाऱ्याचं वय, शिक्षण, गाव लागतं. नावावाचून अडत नाही. तिथे ते बरोबरच आहे. पण इतिहास म्हणून ऐकताना मला नाव हवंसं वाटतं. पुण्यातूनच उभ्या राहिलेल्या एका कामात ते मिळतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. नवऱ्याचा जाच, भावाची वाट, बाबासाहेबांवरची माया, सगळं त्या ओव्यांत आहे. मेणवलीच्या दप्तराला जो मान, तोच या ओव्यांना मिळायला हवा असं माझं ठाम मत आहे. कोण बोललं, कधी, कुठे, कोणाच्या परवानगीनं, हे टिपलेलं नसेल तर आवाज उरूनही मुका राहतो. कागदाला वाळवी, फितीला बुरशी. दोन्हींची निगा राखायला माणसं आणि पैसा लागतो, तेवढा विद्यापीठांना मिळाला पाहिजे.

जायचं असेल तर संग्रहालयाची वेळ आधी विचारून घ्या, ओळखपत्र बरोबर ठेवा आणि अभ्यासासाठी कागद हाताळायचे असतील तर रीतसर परवानगीचा अर्ज करा. बोली ऐकायला मात्र पुण्यापर्यंत यायचीही गरज नाही. संकेतस्थळ उघडा आणि आधी आपल्याच जिल्ह्यातली माणसं ऐका.