तिसऱ्या तारेवरचा गंधार

रविवार, रात्री उशिरा

बोटांची टोकं अजून ठणकतायत, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

गेले तीन महिने गिटार शिकताना मी कॉर्ड म्हणजे बोटांची ठेवण एवढंच धरून चालले होते. तक्त्यावरचे काळे ठिपके बघायचे, तिथे बोटं ठेवायची. पाढ्यांसारखं पाठ. आज ई मेजर ही कॉर्ड धरली आणि एकदम छेडण्याऐवजी जाड तारेपासून एकेक तार सावकाश वाजवली. लहानपणी पेटीवर सरगम गिरवलेली, त्यामुळे कान आपोआप स्वर शोधायला लागला. सगळ्यात जाड तारेच्या ई या स्वराला सा मानलं, तर सा, प, सा, ग, प, सा. पुन्हा वाजवून बघितलं. तेच! तारा सहा, पण स्वर तीनच. सा तीनदा, प दोनदा आणि गंधार एकदाच, तिसऱ्या तारेवर (तारा बारीक बाजूकडून मोजतात), माझ्या तर्जनीखाली.

तर्जनी उचलली. झाली ई मायनर. शुद्ध गंधाराचा कोमल झाला, बाकीच्या पाच तारा जिथल्या तिथे. तरी सगळा नूर पालटला. मेजर आनंदी आणि मायनर उदास असं सगळेच सांगतात. मला ते पुरतं पटत नाही. कोमल गंधारात उदासीपेक्षा ओढ जास्त असते.

मग वही घेऊनच बसले. सी ला सा धरलं की सी मेजर म्हणजे सा ग प, एफ म्हणजे म ध सा, जी म्हणजे प नी रे. तिघींत मिळून सातही शुद्ध स्वर येतात! इतकी गाणी या तीन कॉर्डवर का निभतात, ते आज कळलं. ए मायनर म्हणजे ध सा ग. सी शी तिचे दोन स्वर जुळतात, म्हणून सीवरून तिच्याकडे जाताना एकटी अनामिका हलते. हे बोटांना केव्हाच माहीत होतं.

शेवटी एफची बार कॉर्ड. ती म्हणजे ई मेजरच, एक पडदा पुढे सरकलेली. तर्जनी सहाही तारांवर आडवी. हे उमगल्यावर तिची धास्ती निम्मी झाली. तिथलं मधलं बोट उचललं की एफ मायनर. पण ती काही केल्या मायनर वाटेना, पोकळ वाजत होती. एकेक तार तपासली. तर्जनीच्या पेराची घडी नेमकी तिसऱ्या तारेवर येत होती आणि तार मुकी पडत होती. एफ ला सा धरलं, तर गंधारच नाही! उरले नुसते सा आणि प, मग मेजर की मायनर ठरणार कशावरून? तर्जनी जरा बाहेरच्या कडेवर वळवली, किंचित वर सरकवली. चौथ्या-पाचव्या खेपेला तो कोमल गंधार एकदाचा बोलला, अगदी बारीक.

उद्या आधी तीच तार.