चित्रांनी दिलेली साक्ष

आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ या चित्रकथेच्या दुसऱ्या खंडात एक छोटा प्रसंग आहे. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला तो त्या संपूर्ण पुस्तकातील सर्वांत मोलाचा वाटतो. नाझींच्या आउश्वित्झ येथील छळछावणीतून कैदी कामाला बाहेर पडत, तेव्हा फाटकापाशी कैद्यांचाच एक वाद्यवृंद वाजवत असे, असे लेखकाने वाचलेले असते आणि त्याविषयी तो आपल्या वडिलांना, त्या छावणीतून वाचलेल्या व्लादेक यांना, विचारतो. वडील सांगतात की त्यांना रांगेने चालणे आठवते, वाद्यवृंद अजिबात आठवत नाही. मुलगा म्हणतो की त्याच्या भरपूर नोंदी आहेत. पहिल्या चौकटीत वादक स्पष्ट दिसतात. पुढच्या चौकटीत चालणाऱ्या कैद्यांची रांग त्यांच्या आड येते आणि डोक्यांच्या वरून वाद्यांची टोके तेवढी दिसत राहतात.

मौखिक साधनांविषयी जे काही मी वर्गात शिकले, ते सारे या दोन चौकटींत आहे. साक्षीदाराची आठवण आणि कागदावरची नोंद यांत विसंगती आढळली की आपण बहुधा एकीला मजकुरात ठेवतो आणि दुसरीला तळटीपेत धाडतो. येथे चित्रकाराने नोंदीला तिची जागा दिली आहे आणि वडिलांनाही खोटे पाडलेले नाही, कारण त्या रांगेत मान खाली घालून चालणाऱ्या माणसाला समोरच्या पाठीखेरीज काय दिसले असेल, हा प्रश्न त्या चित्रातच आहे. ज्या विषयांवर लाखो शब्द लिहून झालेले आहेत, त्यांवर कॉमिक कशासाठी काढावे, असे विचारणाऱ्यांना मी सर्वप्रथम हे पान दाखवीन. छायाचित्र पाहताना ते कोणी तरी एका विशिष्ट जागेवर उभे राहून टिपले आहे, याचा आपल्याला विसर पडतो. रेखाटन मात्र आपल्यामागचा हात लपवू शकत नाही, आणि इतिहासाच्या वाचकाला नेमकी हीच जाणीव सतत हवी असते.

‘माउस’ १९८० पासून ‘रॉ’ या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध होत गेले, त्याचे दोन खंड १९८६ आणि १९९१ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि १९९२ मध्ये त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यात ज्यू उंदरांच्या रूपात, जर्मन मांजरांच्या रूपात आणि पोलिश लोक डुकरांच्या रूपात येतात. माणसांना वंशानुसार प्राणी ठरवणे ही तर नाझींचीच रीत होती. मग बळींच्या बाजूने लिहिणाऱ्याने ती का उचलावी, हा प्रश्न मला पहिल्या पानापासून टोचत होता. पुस्तक त्याचे उत्तर आपल्या पद्धतीने देते. पोलिश असल्याची बतावणी करणारे ज्यू तेथे डुकराचा मुखवटा बांधून फिरतात, त्या मुखवट्याची दोरी आपल्याला दिसते, आणि दुसऱ्या खंडात खुद्द लेखक उंदराचा मुखवटा लावून, पायाशी प्रेतांचा ढीग असताना, लिहायच्या मेजाशी बसलेला दिसतो. ही रूपे बाहेरून लादलेली आहेत, हे त्यातून कळते. तरीही पोलिश व्यक्तिरेखांबाबतचा माझा आक्षेप पूर्णपणे मिटलेला नाही. व्लादेक आणि त्यांची पत्नी आन्या यांना घरात लपवणाऱ्या मोटोनोवाबाईंनाही तोच चेहरा मिळतो, आणि तो पाहताना मला प्रत्येक वेळी अन्याय झाल्यासारखे वाटते.

पहिल्या खंडाच्या शेवटी वडील कबूल करतात की आईच्या वह्या त्यांनी जाळून टाकल्या. तिने युद्धानंतर पुन्हा लिहून काढलेला तो सारा अनुभव होता. मुलगा संतापून वडिलांना खुनी म्हणतो. हा शब्द मला अतिरेकी वाटला नाही. त्यानंतर संपूर्ण पुस्तकात आन्या दिसते ती केवळ नवऱ्याच्या सांगण्यातून. तिची साक्ष कायमची गेलेली असते. एखादे दफ्तर जळणे म्हणजे काय, हे मला तेथे जितके समजले, तितके संशोधनपद्धतीच्या कोणत्याही व्याख्यानातून समजले नव्हते.

केजी नाकाझावा यांची ‘बेअरफूट गेन’ ही जपानी चित्रकथा वाचणे याहून कठीण गेले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा नाकाझावा ६ वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे ते वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ मात्र घरीच मरण पावले. पुढे १९६६ मध्ये आई वारली आणि दहनानंतर तिच्या अस्थीही हाती लागल्या नाहीत, तेव्हा त्यांनी या विषयावर काढायचे ठरवले. १९७३ पासून ही मालिका मुलांच्या एका साप्ताहिकात येऊ लागली. गोल चेहऱ्यांची, मोठ्या डोळ्यांची, हसऱ्या मुलांच्या कथांत शोभणारी माणसे, आणि त्याच माणसांची लोंबणारी कातडी: हा विरोध मला सलग वाचता आला नाही, पुस्तक अनेकदा बाजूला ठेवावे लागले. पण माझ्या मनात अधिक टिकून राहिला तो बाँब पडण्यापूर्वीचा भाग. गेनचे वडील युद्धाला उघड विरोध करतात म्हणून शेजारी त्यांना देशद्रोही ठरवतात, मुलांना छळतात, आणि त्या काळात कुटुंबाला आधार देतो तो एक कोरियन शेजारी, ज्याला स्वतःलाच त्या समाजात मान नाही. बाँब टाकणाऱ्या अमेरिकेइतकाच स्वतःच्या देशाच्या लष्करशाहीलाही लेखक जाब विचारतो. जपानमधील मात्सुए शहरात २०१२ मध्ये शाळांच्या ग्रंथालयांतून हे पुस्तक मुलांना सहज मिळू नये अशी व्यवस्था करण्यात आली आणि टीका झाल्यावर पुढच्या वर्षी ती मागे घेण्यात आली. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमातील शालेय शांतिशिक्षणाच्या साहित्यातून ते वगळले गेले. मात्सुएमध्ये ते मुलांसाठी फार क्रूर असल्याचे कारण पुढे आले होते. ज्याने हे सारे सहाव्या वर्षी पाहिले, त्याचे पुस्तक वाचायला मुले लहान ठरतात, हे मला पटत नाही.

आपल्याकडे यायचे तर बाबासाहेब आंबेडकरांवरील ‘भीमायन’ या चित्रकथेविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. नवयाना प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेल्या या पुस्तकाचे लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे आहे, तर चित्रे मध्य प्रदेशातील परधान गोंड परंपरेतील दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची आहेत. १९०१ मधील तो प्रवास आपण सर्वांनी कधी ना कधी वाचलेला आहे: वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात, आपण महार आहोत असे सांगताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटतो, दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्यासोबत गाडीत बसत नाही, मुले स्वतः गाडी हाकतात, आणि शिदोरी जवळ असून पाण्यावाचून ती तशीच राहते. बाबासाहेबांनी हे अतिशय संयत गद्यात लिहिले आहे. त्या संयमाला चित्रकार धक्का लावत नाहीत. नेहमीच्या चौकटी त्यांनी नाकारल्या. माणसांना पेट्यांत कोंडायचे नाही, ही त्यांची भूमिका होती. घरांच्या भिंतींवर काढल्या जाणाऱ्या दिग्ना नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी त्यांनी पाने विभागली. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते, जातीचे विष असलेले बोलणे विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. काही पानांनंतर शब्द वाचण्याआधीच नांगी दिसू लागते आणि पुढे काय येणार हे कळते. ज्याला जन्मभर अशीच भाषा ऐकावी लागली, त्याला तोंड उघडण्याआधीच समोरच्याचा सूर कळत असणार, असे मला तेथे जाणवले.

त्या पुस्तकात बसथांब्यावर आरक्षणाविरुद्ध तक्रार करणारा एक तरुण आणि त्याला हा इतिहास सांगणारी एक स्त्री यांची चौकटकथाही आहे. तो भाग मला कमकुवत वाटला, कारण तेथे माणसे बोलत नाहीत, युक्तिवाद बोलतात. चवदार तळ्यावरील २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहालाही अधिक पाने हवी होती असे माझे मत आहे, कारण शतकानुशतके नाकारलेल्या पाण्यापर्यंत चालत जाणारा जनसमुदाय या शैलीत विलक्षण उभा राहिला असता.

याच प्रकाशनाने जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेले ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ हे पुस्तकही काढले. लेखन श्रीविद्या नटराजन यांचे आणि चित्रे अपराजिता नाइनन यांची. १८७३ चे मूळ पुस्तक जोतीराव आणि धोंडिबा यांच्या प्रश्नोत्तरांतून पुढे सरकते, म्हणजे त्यात दोन पात्रे आणि त्यांचे संवाद आधीपासूनच तयार आहेत. अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना केलेली त्याची अर्पणपत्रिकाही चित्रकाराला भारत आणि अमेरिका एका पानावर आणण्याची संधी देते. ज्या भाषेत धोंडिबाने आपले प्रश्न पहिल्यांदा विचारले, त्याच भाषेत, म्हणजे मराठीत, जोतीरावांच्या मूळ वाक्यांना हात न लावता, कोणी तरी ते पुन्हा चित्रांत उतरवावे, असे मला मनापासून वाटते. आणि ते करणाऱ्या चित्रकाराने पुण्यातील गल्ल्या, विहिरी आणि पागोटी पाहून, शोधून, मगच पेन्सिल उचलावी.