कोरडा वाळा

आजीच्या रुखवतातला वाळ्याचा पंखा परवा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. खणाची झालर, जरीची किनार, मधोमध टिकल्यांचा मोर. मोराची फाटलेली मान कुणीतरी सेलोटेपनं जोडलेली, आणि तो टेप आता चहाच्या डागासारखा तपकिरी.

आईनं पंखा बघितला आणि सवयीनं तांब्याच उचलला. "मार की जरा पाणी, बघ कसा वास सुटतोय." मी जवळजवळ किंचाळले. वाळा म्हणजे गवताची मुळं, भिजल्याशिवाय ती दरवळायची नाहीत, हे खरंच. पण खणाचा रंग फुटला तर? शिवाय ओलीनं जरीची किनार आणखी काळवंडणार. वारा घ्यावा तर टिकल्यांचे जुने दोरे तुटणार. म्हणजे भिजवायचा नाही आणि हलवायचाही नाही. मग पंख्यानं करायचं तरी काय?

धूळ नव्या मेकअप ब्रशनं काढली, न घासता, नुसती उचलत. टेप ओढायला हात शिवशिवत होते, पण टेपाबरोबर रेशीमही निघून येतं. ते जाणत्या माणसावर सोडलं. आत्या म्हणाली, "जरीची किनार टूथपेस्टनं घास की, लखलखेल." लखलखेल, पण खऱ्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, घासल्यावर तोच आधी जातो. काळी तर काळी.

पंखा गुंडाळून डब्यात ठेवायला मांजरपाट दोनदा उकळून त्याची खळ काढली, कारण कसरीला खळ म्हणजे पंगत. वर्तमानपत्र नको, प्लास्टिकची पिशवी तर नकोच, आत दमट होतं. मूठ अधांतरी राहू नये म्हणून खाली कापडाची वळकटी. दादाला तो फ्रेम करून हॉलमध्ये लावायचा होता. संग्रहालयात रेशमावर ५० लक्सच्या, म्हणजे मंद दिव्याच्या, वर उजेड पडू देत नाहीत, आणि आमच्या हॉलला पश्चिमेची खिडकी! उन्हानं उडालेला रंग पुन्हा सावलीत ठेवून परत येत नाही.

राहिला जागेचा प्रश्न. माळ्यावर पत्रा तापतो आणि खाली कृष्णा येते. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत कपाटं लावतानासुद्धा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी डोक्यात असते : चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. शेवटी वरच्या खोलीतलं, भिंतीपासून वीतभर सरकवलेलं कपाट आणि त्याचा मधला कप्पा.

काल भर दुपारी लाईट गेली. आई लग्नपत्रिकेनं वारा घेत होती. "पंखा आहे म्हणं घरात," असं दोनदा बोलून झालं तिचं. मी डबा आणला, झाकण काढून तिच्यापुढं धरला. ती वाकली, वास घेतला, परत घेतला.

"काहीच येत नाही गं," म्हणाली, आणि पत्रिका हलवायला लागली.