झाकण

दुपारी डबे घासून ओट्यावर पालथे घातले. कोरडे झाल्यावर झाकणं लावायला घेतली, तर लाडवांच्या डब्याचं झाकण सैल. बसत होतं, पण डबा उचलून हलवला की खुळखुळ वाजत होतं. आमच्या डब्याचं झाकण कसं, दोन्ही अंगठे लावून ढकलल्याशिवाय निघत नाही. लहानपणी ते काढताना अर्धा चिवडा जमिनीवर सांडायचा आणि वर पाठीत धपाटा मिळायचा. हे आपलं नाही. उजेडात धरून पाहिलं तर कडेला नाव घातलेलं, पण घासून घासून अक्षरं गेलेली. शेवटचा आकडा तेवढा लागत होता. 62.

घराबाहेर जाणाऱ्या डब्यांची मी वही ठेवते. कुणाकडे गेला, कधी, काय भरून, परत आला का. नवऱ्याला या वहीचं फार हसू येतं. त्याने आजवर चार छत्र्या हरवल्यात, माझा एक डबा हरवलेला नाही. अडचण एवढीच की डबा रिकामा परत द्यायचा नाही, निदान वाटीभर साखर तरी घालायची, त्यामुळे वहीतलं एकही खातं बंद होत नाही.

जानेवारीत पुणे, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, झाशी आणि परत पुणे असा फेरा केला. कितीतरी वर्षं सगळ्यांना "येते, येते" म्हणत होते. तिकिटं काढल्याची बातमी फुटली आणि फोन सुरू झाले. "जातेच आहेस तर" या तीन शब्दांपुढे कुणाचं काही चालत नाही. जातेच आहेस तर आत्याला मेतकूट ने. जातेच आहेस तर इंदूरहून जीरावण आण, पोह्यांवर घालायचा मसाला तो, इथे मिळतं त्याला ती चव नाही. जातेच आहेस तर ग्वाल्हेरच्या मामांना हा स्वेटर दे, कुरिअरवाल्याला कशाला पैसे? मी प्रवासाला निघाले होते की टपाल घेऊन, ते दादर यायच्या आतच कळेनासं झालं.

बडोद्याला मी बाकरवडी नेली. म्हणजे ज्याच्या घरी लग्न त्यालाच पत्रिका दिल्यासारखं. आत्याने एक उचलली, चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाली, "आमचीच भाकरवडी वाळवून धाडलीस की गं." तरी संध्याकाळपर्यंत पाकीट अर्धं झालं होतं.

ही आत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण. आजोबांचा धाकटा भाऊ गायकवाडांच्या नोकरीत गेला आणि तिकडचाच झाला. आत्या 1940 ची. माहेर रावपुऱ्यात, सासर दांडिया बाजारात, म्हणजे सासरी जायला पायी दहा मिनिटं. जन्मली बडोदे संस्थानात. 1949 साली तिचं घर मुंबई राज्यात गेलं, 1960 साली गुजरातेत. मी चार राज्यं ओलांडली म्हणून पाय सुजवून बसले होते, हिने तीन ओलांडली ती परकर-पोलक्यापासून साडीत येईपर्यंत, त्याच दोन पेठांत. मी तिला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "हो का? आम्हाला कुठे काय कळलं, दुधाचा भाव तोच होता." आणि सुनेला हाक मारून लीलो, म्हणजे ओला, चिवडा बांधायला लावला, इंदूरच्या घरासाठी. माझ्यासाठी डिंकाचे लाडू वेगळे, आम्ही पाठवलेल्या मेतकुटाच्या डब्यात. वरून रुमालाची गाठ. "पुण्याला जाईपर्यंत उघडू नकोस."

उघडला नाही.

बडोद्याहून इंदूरकडे जाताना वाटेत दाहोद लागतं. औरंगजेब तिथे जन्मला, 1618 साली, आणि मेला आमच्या नगरजवळ. तो तिकडून इकडे आला आणि त्याच्यामागोमाग आमचे सगळे नातेवाईक इकडून तिकडे गेले. त्याच्या सामानात डिंकाचे लाडू नसणार. गाडीत मला असलं काहीही सुचतं.

इंदूरला मामीकडे सकाळी पोहे. आपल्यासारखे परतलेले नव्हेत, वाफेवर ठेवलेले, वरून शेव, जीरावण, बाजूला जिलबी. मी चुकून ओल्या नारळाचं विचारलं. "नारळ? पोह्यावर? खीर आहे का ती?" मामीचं माहेर साताऱ्याचं, पण पन्नास वर्षांत तिची मराठी पार माळव्याची झालीये. ती मला "चाय घेऊन घे" म्हणते आणि फोनवर कुणाला तरी "हां भिया" म्हणते. मला ते ऐकायला फार आवडतं. माझ्या पुणेरी बोलण्यावर तिच्या नाती तोंडावर हात ठेवून हसत होत्या, तेव्हा मात्र तितकंसं आवडलं नाही.

नारळ पोह्यात नव्हता, ओटीत होता. बडोद्याला एक, इंदूरला एक, ग्वाल्हेरला एक. ओटीचा नारळ दुसऱ्याला द्यायचा नाही, त्याचं गोड करून घरच्यांनी खायचं, असं आईने डोक्यात घालून ठेवलेलं. त्यामुळे उत्तर हिंदुस्थानातून तीन नारळ पुण्याला आणणारी बाई म्हणून माझी कुठेतरी नोंद व्हायला हरकत नाही. ब्लाउजपीसचं तसं नाही, ते फिरतं ठेवायला परवानगी आहे. इंदूरला मिळालेलं जांभळं मी ग्वाल्हेरच्या मामेवहिनीला दिलं, तर तिने ते निरखून पाहिलं आणि काही बोलली नाही. मला वाटतं ते तिचंच होतं.

ग्वाल्हेरचं घर लष्करात. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास फौजेची छावणी टाकली, तेच हे लष्कर. छावणी म्हणजे दोन दिवसांची वस्ती. ही दोनशे वर्षं उठलेली नाही. मामा मराठीत विचारतात, नातवंडं हिंदीत उत्तर देतात, आणि दोघांनाही यात काही वावगं वाटत नाही. मामांनी स्वेटर लगेच अंगात घातला. बाही चार बोटं आखूड. तीन दिवस तोच घालून बसले होते. निघताना तीळगुळाची गजक दिली, दोन खोके, एक झाशीला.

झाशीला नातं कुणाचंच नाही, मैत्रीण आहे. हॉस्टेलची. तिचे यजमान रेल्वेतून निवृत्त झाले आणि तिथेच घर बांधलं. ग्वाल्हेरहून दोन तासही लागत नाहीत. डबरा, सोनागीर, दतिया, झाशी. तिच्याकडे मी बॅग कोपऱ्यात लोटून दिली आणि कुणाचा निरोप सांगितला नाही, कुणाची खुशाली विचारली नाही. दोघी रात्री दोनपर्यंत बोलत बसलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. निघताना ती म्हणाली, "ओटी भरू?" मी हात जोडले. मग तिने गूळ दिला. दोन किलो.

परतीची गाडी झेलम एक्सप्रेस. खांडवा आलं ते अपरात्री. सगळा डबा झोपलेला, मी उठून बसले.

पूर्वी पुण्याहून इंदूरला जायचं म्हणजे खांडव्याला मोठी गाडी सोडून मीटर गेजच्या छोट्या गाडीत बसायचं. मोरटक्क्याला नर्मदा. आई पदराची गाठ सोडून पैसा काढायची, आम्हाला एकेक द्यायची, आणि माझा दर वेळी पुलाच्या लोखंडावर आपटून नदीत पडायचाच नाही असं मला वाटायचं. मग घाट. घाटाच्या पायथ्याशी कालाकुंड स्टेशन. गाडी चढावी म्हणून तिथे मागून आणखी एक इंजिन जोडायचे आणि तेवढ्यात खाली उतरून पानात बांधलेला कलाकंद घ्यायचा, ही रीत. स्टेशनचं नाव कलाकंदावरूनच पडलं असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

बाबा उतरले. एका हातात फिरकीचा तांब्या, नळावर भरायला. मी खिडकीच्या गजात नाक घालून त्यांचा पांढरा शर्ट बघत होते. शर्ट गर्दीत शिरला. दुसरा पांढरा शर्ट बाहेर आला, तो बाबा नव्हते. शिट्टी झाली, मागून धक्का बसला, गाडी हलली. मी किंचाळले. आई म्हणाली, चढले असतील मागच्या डब्यात. तेव्हा या डब्यातून त्या डब्यात जायची सोय नव्हती. बोगदे आले, दरी आली, पाताळपाणीचा धबधबा आला, सगळे खिडकीशी लोटले, मी डोळे गच्च मिटून घेतलेले. पाताळपाणीला गाडी थांबली आणि बाबा आले, जसं काही झालंच नाही. तांब्या भरलेला. कलाकंदाचं पान शर्टाला चिकटून तिथे तुपकट डाग. "हे काय, रडलीस?" म्हणाले आणि कलाकंदाचा मोठा तुकडा मला दिला. त्याची चव अजिबात आठवत नाही. डाग आठवतो.

आता ती छोटी गाडी गेली, रूळ रुंद होतायत; हौशी पर्यटकांसाठी घाटातला तुकडा तेवढा ठेवलाय. गाडी खांडव्याला दहा मिनिटं उभी होती. मी खाली उतरले नाही.

तर झाकण. ते लाडवांच्या डब्याचं, म्हणजे बडोद्याचं. आत्याला फोन लावला. मेतकूट संपलं, गुडघा तसाच आहे, समोरच्यांनी मजला चढवला, हे सगळं झाल्यावर मी 62 चं विचारलं.

"62? माझं लग्न झालं ते साल. स्टीलची भांडी तेव्हा नवलाची, आईने हौसेने नाव घालून घेतलं होतं."

"मग तुझा डबा?"

"डबा केव्हाच मोडीत दिला गं. झाकण राहिलं होतं, तुझ्यावर बसलं, लावून दिलं."

"आणि माझं?"

"ते इथेच आहे. तुझं घट्ट बसतं. माझ्या गोळ्या असतात त्या डब्याला लावलंय, नाहीतर पणतू उघडतो."

मी बरं म्हटलं. पणतू उघडतो हे खरं असेलही. वही काढली, बडोद्याच्या पानावर "1 झाकण" लिहिलं, पुढे तारखेची जागा मोकळी ठेवली. तिचं झाकण विरजणाच्या पातेल्यावर ठेवून पाहिलं. थोडं मोठं होतं, पण चालेल.