सोलकढीचा खरा रंग कॅमेऱ्यात आणताना

भाजी-आमटी कशाही उजेडात खपून जाते. सोलकढी नाही. तिचा गुलाबी जरा सरकला की लगेच कळतं. वहिनींच्या रेसिपी व्हिडिओंचं शूटिंग मी करतो, आणि पहिलं फुटेज बघून त्या म्हणाल्या, "भावजी, ही कसली जांभळट कढी? माझी नव्हे ही!"

स्वयंपाकघरात छताला 6500 केल्व्हिनची (केल्व्हिन म्हणजे उजेड किती पिवळा की निळसर याचं माप) एलईडी ट्यूब, चिमणीखाली पिवळा दिवा, शिवाय खिडकीतलं ऊन. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड कसाही असो पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर. नारळाच्या दुधात कोकमाचं आगळ पडलं, की वाढलेला गुलाबी खोडायला कॅमेरा अख्खी फ्रेमच हिरवटाकडे ढकलायचा. मागचं स्टीलचं पातेलं चालू शॉटमध्ये रंग बदलायचं. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढला तर नंतर सावरता येतो. माझ्या कॅमेऱ्याच्या 8 बिट व्हिडिओत रंगांच्या छटा मोजक्याच साठतात, तेवढी जागा नसते.

म्हणून आधी चिमणीचा दिवा बंद केला, खिडकीला जाड पडदा लावला. उजेड एकाच जातीचा झाला. मग हाताने 6500 टाकलं, तरी भिंत हिरवट ती हिरवटच! केल्व्हिनचा आकडा फक्त निळं-पिवळं सांभाळतो. हिरवं-मॅजेंटा हा वेगळा काटा, आणि स्वस्त एलईडीची खोड तिथेच असते. शेवटी वाडगा ठेवायचा तिथेच ग्रे कार्ड (रंगाची झाक नसलेलं राखाडी कार्ड) उजेडाकडे तोंड करून धरलं, फ्रेमभर घेतलं आणि कस्टम व्हाइट बॅलन्स मोजून घेतला. दोन्ही काटे एकदम जाग्यावर आले. पांढरा कागद मी वापरत नाही, त्यात निळसर झाक आणणारी रसायनं असतात.

भिंत सुधारली, पातेलं सुधारलं. आमसुलं मात्र मेलेलीच, काळपट. इथे कॅमेऱ्याचा इलाज चालत नाही, कारण त्या ट्यूबच्या उजेडात गडद लाल जवळपास नव्हताच. जे उजेडात नाही ते सेटिंगमधून कुठून येणार? खोक्यावर सीआरआय 95 लिहिलेलं एलईडी पॅनेल आणलं (सीआरआय म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी गुण), ट्यूब बंद केली, कार्ड पुन्हा मोजलं. आमसुलांना तकाकी आली. (आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 सेकंद. नाहीतर काही दिव्यांखाली पट्टे सरकताना दिसतात.)

एवढं करून वहिनींना फोनवर व्हिडिओ पाठवला, तर उत्तर आलं: "आता पिवळी दिसतेय." त्यांच्या फोनचा, रात्री स्क्रीन पिवळसर करणारा, नाइट मोड चालू होता.